मारुतीआप्पाला काम हवं होतं

आमचं घर आणि अण्णांची शेड यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही असून नसल्यासारखी. बेळगावजवळचं येळ्ळूर गाव जिथं संपतं आणि भाताची शेतं सुरू होतात, तिथं माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आधी शेड उभी केली आणि उरलेल्या जागेत घर बांधलं. त्यामुळं शेडला ट्रॅक्टर आत येईल एवढं दार, आणि घराला मात्र एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढं पडवी. सकाळी पलीकडं ग्राइंडर किंचाळायला लागला की मांडणीवरच्या वाट्या थरथरायच्या. आई बोलता बोलता आवाज चढवायची आणि ग्राइंडर थांबला तरी तो खाली आणायचं विसरायची, म्हणून आमच्याकडं आलेल्या पाहुण्यांना वाटायचं की या घरात सारखी भांडणं चालतात. माझा दहावीचा अभ्यास त्याच आवाजात झाला. हातोड्याचे घाव, वेल्डिंगची चरचर, आणि या सगळ्यांच्या खालून येणारा गॅस कटिंगचा आवाज. आधी फट्‌ करून जाळ पेटायचा, मग तो बारीक निळा होत जायचा आणि लोखंडावर टेकला की एकसारखा, दमदार फुत्कार सुरू व्हायचा. तो आवाज ऐकला की समजायचं, मारुतीआप्पा कामाला लागला.

मारुतीआप्पा गावच्या नात्यानं अण्णांचा चुलता लागायचा, पण कामावर तोच अण्णांना 'अण्णा' म्हणायचा. दोघं बेळगावच्या एकाच कारखान्यात होते. अण्णांनी नोकरी सोडून स्वतःची शेड घातली तेव्हा मारुतीआप्पाही काही न विचारता त्यांच्यामागं आला. अण्णा ऊस वाहायच्या ट्रॉल्या बनवायचे. पत्रा आणि लोखंडी चॅनेल कापायचं काम मारुतीआप्पाचं, जोडायचं काम सलीमभाईचं, आणि मापं, गिऱ्हाईक, उधारीवाल्यांशी वाद हे सगळं अण्णांचं. दुपारी तिघंही पडवीत जेवायला बसायचे. आई तांदळाच्या भाकरी, खर्डा आणि एखादी पातळ भाजी पुढं ठेवायची. मारुतीआप्पाची बायको पारूआक्का त्याच्या डब्याबरोबर दह्याचा सट, झाकणाचं छोटं भांडं, द्यायची, कारण त्यांच्या घरी म्हैस होती, आणि तो सट आधी माझ्या ताटात रिकामा व्हायचा. "पोरगीच्या हाडाला लागू दे," म्हणायचा. त्यांची लेक खानापूरकडं दिली होती. घरी दोघंच.

कोरोनात पहिल्यांदा सगळं बंद झालं तेव्हा आम्हाला त्या शांततेचीच भीती वाटली. वाट्या हलेनात. आई एकदा स्वयंपाकघरातून मोठ्यानं काही बोलली आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. अण्णांनी सुरुवातीला दोघा कामगारांना घरपोच तांदूळ दिला, तेल दिलं. मग आमचाच डबा खडखडायला लागला. आईनं हुलग्याचं माडगं, पेजेसारखं पातळ, करायला सुरुवात केली, गूळ घालून, आणि गूळ संपल्यावर मीठ घालून. मला ते आवडत नव्हतं आणि तसं म्हणायचीही सोय नव्हती. मारुतीआप्पाच्या घरी त्याहून वाईट होतं, हे आम्हाला फार नंतर समजलं. पारूआक्का दूध डेअरीला घालायची आणि त्यावर दोघं राहत होती, पण मधेच डेअरीची गाडी येणं थांबलं. त्या दिवसांत ती दोघं दुधात भात कालवून खात होती, आणि नंतर नुसताच भात. कामाची सवय असलेला माणूस घरात बसला की कसा होतो ते मी तेव्हा पाहिलं. मारुतीआप्पा रोज सकाळी हातपाय धुऊन, शर्ट घालून आमच्या बंद शेडीच्या दारात येऊन बसायचा. अण्णाही बाहेर येऊन बसायचे. दोघं फारसं बोलत नसत. पोलिसांची जीप गावात शिरल्याची कुणकुण लागली की उठून आपापल्या घरात जायचे.

ते संपलं. शेड उघडली, ऊस आला, ट्रॉल्या गेल्या. आम्हाला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या लाटेनं आम्हाला गाठलं ते पुन्हा उन्हाळ्यात. मी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला होते, कॉलेज मोबाइलवर भरायचं. त्यावेळी अण्णांकडं एका मोठ्या शेतकऱ्याच्या ट्रॉल्यांचं काम होतं. उचल घेतली होती आणि ती लोखंडात गेली होती. या वेळी शेड बंद ठेवायचा हुकूम नव्हता, बाहेरगावी जाणं-येणं तेवढं बंद, त्यामुळं काम चालू राहिलं. टीव्हीवर संध्याकाळी मोठी मोठी माणसं बसून जीव आधी का रोजगार आधी यावर एकमेकांना बोलू देत नव्हती. अण्णा थोडा वेळ ऐकायचे आणि बंद करायचे.

गावात घरोघर फिरून ताप बघायचं काम छायाक्काकडं होतं. ती आमच्या गावची आशा कार्यकर्ती. अंगावर गुलाबी साडी, खांद्याला पिशवी, हातात कपाळासमोर धरायचं ते यंत्र. लोक तिला बघून दारं लावायचे. कारण एखाद्या घरात रोगी निघाला की दारावर पट्टी लागायची, आणि मग त्या घरचं दूध डेअरी घेत नसे, भाजी कुणी घेत नसे, घरातल्या माणसाला कुणी कामावर घेत नसे. रोगापेक्षा लोक त्या पट्टीला घाबरत होते. एका दुपारी ती शेडीत आली. मारुतीआप्पा नेमका खोकत होता. तो बारमाही खोकायचा.

"आप्पा, हा खोकला कधीपास्नं?" तिनं विचारलं.

"धुराचा हाय गं. पोटासंगं जन्माला आलाय."

"धुराचा कुठला आणि दुसरा कुठला, हे मला कळत न्हाय आणि तुमालाबी कळत न्हाय. आठवडाभर घरात बसा."

"घरात बसून चूल कशावर पेटवू, ते बी तुझ्या यंत्रात बघून सांग की," मारुतीआप्पा म्हणाला. रागानं नव्हे, पण हसूनही नाही.

छायाक्कानं यंत्र पुढं धरलं. तिनं त्याचं कपाळ तपासलं, ताप नव्हता. जाताना माझ्या आईला म्हणाली, "वैनी, मला काय हौस हाय व्हय लोकांची पोटं मारायची? पण मी काल ज्या घरात गेलते, तिथली म्हातारी आज न्हाय." आई तिला चहा घे म्हणाली. तिनं चहा अंगणात उभ्यानंच घेतला, आमच्यापासून लांब.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गॅसवाल्याचा फोन आला की यापुढं कारखान्यांना कटिंगचा ऑक्सिजन मिळणार नाही, सगळा दवाखान्यांना जाणार. आमच्याकडं भरलेले दोन सिलिंडर उरले होते. काळे, माणसाच्या छातीएवढे उंच. अण्णांनी दोघांना जवळ बोलावून सांगितलं की एवढ्यात दोन ट्रॉल्यांचं कटिंग उरकून घेऊ, ट्रॉल्या गेल्या की पैसे येतील, मग बसू घरात. मारुतीआप्पानं त्याच दिवशी खडूनं पत्र्यावर रेघा मारून घेतल्या. गॅस वाया जाऊ नये म्हणून तो आता पेटवल्यावर एका दमात जेवढं होईल तेवढं कापायचा.

आणि मग दीपक आला. छायाक्काचा मुलगा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. ऊन डोक्यावर होतं. तो शेडीच्या दारात उभा राहिला, आत येईना.

"अण्णा, आईला दम लागतोय."

अण्णांनी ग्राइंडर बंद केला.

"दवाखान्यात जागा न्हाय म्हणत्यात. मिळंल तवर घरात ऑक्सिजन लावा म्हणत्यात. मी मीटर आणलाय, नळी आणलीया. बाटली कुठंच न्हाय." त्यानं आत पाहिलं. दोन्ही सिलिंडर त्याला तिथून दिसत होते. "तुमच्याकडं असंल म्हणून आलतो."

कारखान्याचा ऑक्सिजन माणसाला चालतो का, हे आमच्यापैकी कुणालाच नक्की माहीत नव्हतं. दीपक म्हणाला, कंपाउंडरला विचारलंय, या घडीला चालवा म्हणालाय. सलीमभाई खाली बघत बसला होता. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, आणि मला आठवतं, आईचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो हळूहळू घट्ट होत गेला.

अण्णांनी मारुतीआप्पाकडं पाहिलं. "काय करूया, मारुती?"

"मला काय इचारताय? बाटल्या तुमच्या."

"बाटल्या माझ्या, पण काम तुझं हाय."

मारुतीआप्पानं हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाला, "अण्णा, मागल्या साली आम्ही घरात बसून काय खाल्लं, ते तुमास्नी ठाव हाय. पारू रोज म्हशीला बोलायची, मला बोलायची न्हाय. म्हणायची, तुझंच खातोय बाई आम्ही. मी ते ऐकत पडायचो. पुन्हा तसं बसाय लागलं तर मी न्हाय टिकत." त्यानं खिशातली तंबाखूची पुडी काढली, बघितली आणि परत ठेवली. दीपक दारातच होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि तरी तो गेला नव्हता. कसा जाणार?

"एक द्या," मारुतीआप्पा म्हणाला. "एक ठेवा."

तो स्वतः उठला. सिलिंडर तिरका करून, त्याच्या डोक्यावर एक हात ठेवून, बुडाच्या कडेवर गोल गोल फिरवत नेतात. ते सगळ्यांना जमत नाही. मारुतीआप्पानं तो तसाच दारापर्यंत नेला आणि दीपकनं आणलेल्या टेंपोत चढवून दिला.

दुसऱ्या दिवशी तो उरलेल्या सिलिंडरवर काम करत होता. मी त्या आवाजातच मोबाइलवर अकाउंटन्सीचा तास ऐकत होते, आणि एकाएकी कटिंगचा आवाज थांबला. बाहेर आले तर दीपक पुन्हा दारात. पहिला सिलिंडर संपत आला होता, दवाखान्यात खाट उद्या मिळेल असं सांगितलं होतं. तो काही मागत नव्हता. नुसता उभा होता. या वेळी अण्णांनी कुणाला काही विचारलं नाही, आणि मारुतीआप्पानंही विचारायची वाट बघितली नाही. त्यानं चावी फिरवून गॅस बंद केला, पान्यानं रेग्युलेटर सोडवला. पत्रा अर्धा कापलेला तसाच राहिला.

"माझ्या लेकीच्या बाळंतपणात छाया दवाखान्यात रातभर बसलती," तो सिलिंडर फिरवत नेताना म्हणाला. "माणूस जगलं पायजे. काम काय, मिळंल."

दीपक त्याच्या पाया पडायला वाकला, तर तो मागं सरला. "लांब रं, लांब," म्हणाला, "तुझी आई मला घरात बस म्हणालती, आता तू लांब ऱ्हा." त्यावर आम्ही हसलो. त्या उन्हाळ्यात आम्ही हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

छायाक्काला खाट मिळाली. आमचे सिलिंडर रिकामे होऊन तिच्याबरोबर दवाखान्यात गेले, तिथं भरून वापरता येतील म्हणून, आणि तिथंच राहिले. सलीमभाईनं कापून ठेवलेले तुकडे जोडले, ते संपल्यावर तोही घरी बसला. ट्रॉलीवाल्या शेतकऱ्याचे फोन यायचे, अण्णा आधी उचलायचे, मग उचलेनासे झाले. आईनं मारुतीआप्पाकडं तांदूळ पाठवला. त्यानं घेतला. पुढच्या वेळी पाठवला तेव्हा तो स्वतः परत घेऊन आला.

"अण्णा, तुमच्या घरात तरी काय उरलंय आता? मला दिसतंय की."

"घे रं. ह्याच्यात बघायचं काय?"

"तांदूळ नको. काम सांगा."

अण्णांकडं काम नव्हतं. मारुतीआप्पा अंगणात थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

गावातली काही माणसं भल्या पहाटे बेळगावच्या भाजी बाजारात हमालीला जात होती. बाजार सकाळचे मोजके तासच उघडा ठेवायची परवानगी होती, त्यामुळं दिवसभराची गर्दी त्या तासांत उसळायची. मारुतीआप्पा त्यांच्यात जाऊ लागला. लोखंड कापायची सवय असलेला माणूस डोक्यावर कोबीची पोती वाहू लागला. अण्णांना कळलं तेव्हा ते त्याच्या घरी जाऊन बोलून आले, पण तिकडं काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मला एवढंच दिसलं की परत आल्यावर त्यांनी शेडीत जाऊन तो अर्धवट कापलेला पत्रा भिंतीला उलटा करून ठेवला.

आज मी हुबळीला नोकरी करते, दिवसभर कन्नड बोलते, आणि ऑफिसात कधी त्या वर्षाचा विषय निघाला की लोक म्हणतात, सगळं बंद ठेवायलाच हवं होतं, किंवा काहीच बंद करायला नको होतं. दोन्ही बाजूंची माणसं मला खरी वाटतात. मी बोलत नाही. मला बोलायचं झालं तर मारुतीआप्पापासून सुरू करावं लागेल, आणि तेवढा वेळ जेवणाच्या सुट्टीत नसतो.

मारुतीआप्पा बाजारात जायला लागून थोडे दिवस झाले होते, तेव्हा एका सकाळी आईनं त्यांच्याकडं माडगं देऊन मला पाठवलं. पारूआक्का गोठ्यात होती. मारुतीआप्पा बाजेच्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसला होता. मला बघून तो "अशू" म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला जमेना. मधेच श्वास घ्यायला थांबायचा. त्याचे खांदे वर खाली होत होते.

"जरा कणकण हाय," पारूआक्का मागून म्हणाली. "कुणाला बोलू नकोस बाई. दारावर पट्टी लावतील. म्हशीचं दूध कोण घेईल मग?"

मी भांडं तिथंच ठेवलं आणि पळत सुटले. घरी येऊन अण्णांना सांगितलं. छायाक्का फिरती असती तर तिनं त्याला आधीच गाठलं असतं, हे नंतर आई कितीदा तरी म्हणाली. पण छायाक्का खाटेवर होती, आणि तिच्याऐवजी दुसरं कुणी फिरत नव्हतं.

त्या दिवशी अण्णा बेळगावात दवाखान्यांच्या दारांतून फिरले. मी घरून फोन करत होते. बेड इल्ल, बेड नाही, बेड नहीं है. तीन भाषांत एकच उत्तर. अण्णांनी दीपकलाही फोन केला. तो फोनवरच रडायला लागला. सिलिंडर भरून मिळायला दवाखान्याची चिठ्ठी लागत होती, आणि चिठ्ठीला दाखल झालेला रोगी लागत होता. मग सलीमभाईच्या मेहुण्याचा निरोप आला. तो कोल्हापुरात रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर होता. तिथं एका दवाखान्यात जागा होईल, पण लगेच या, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आमच्या लोखंड आणायच्या टेंपोत गादी घातली, वर ताडपत्री बांधली. मागं मारुतीआप्पा आणि पारूआक्का, पुढं अण्णा आणि मी. मी का, तर महाराष्ट्रात शिरायचा पास मोबाइलवर काढायचा होता, आणि अण्णांना मोबाइलचं जमत नव्हतं. आई नको म्हणत होती, पण दुसरं कोण जाणार? तिनं भाकरी बांधून दिल्या, माझ्या तोंडाला दोन मास्क बांधले आणि वरून ओढणी गुंडाळली.

रस्ता मोकळा होता. एरवी गजबजलेला हायवे, त्यावर फक्त मालाचे ट्रक. अण्णा एका हातानं स्टिअरिंग धरून सारखे मागच्या काचेतून बघत होते. संकेश्वर गेलं. तवंदी घाट लागला आणि टेंपो धापा टाकायला लागला. तेवढ्यात मागून काचेवर टकटक झाली. मी घाबरून वळले. पारूआक्कानं काचेला तोंड लावून ओरडून सांगितलं, "गेर बदला म्हणत्यात! घाट हाय म्हणत्यात!" अण्णांनी गिअर बदलला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

कोगनोळीला, राज्याच्या सीमेवर, नाका होता. आपल्या, म्हणजे कर्नाटकच्या, बाजूच्या पोलिसानं हातानंच "होग्री, होग्री" केलं, जाणाऱ्यांना ते अडवत नव्हते. पुढं महाराष्ट्राच्या बाजूला पास विचारला. माझा पास अजून 'विचाराधीन' दाखवत होता. अण्णा खाली उतरून हात जोडून उभे राहिले. पोलिसानं ताडपत्री वर केली, आत बघितलं, आणि लगेच खाली सोडली. "जावा," म्हणाला. "बघता काय, जावा की!"

दवाखान्याच्या आवारात सलीमभाईचा मेहुणा उभा होता. अंगभर पांढरे कपडे घातलेल्या दोघांनी मारुतीआप्पाला ढकलगाडीवर घेतलं. पारूआक्काला दारातच थांबवलं. तो तिला म्हणाला, "म्हशीला पाणी दाखव." मग अण्णांकडं बघून काहीतरी म्हणत होता. अण्णा जवळ गेले. नंतर त्यांनी सांगितलं, तो म्हणत होता की पत्रा अर्धा ऱ्हायलाय, दुसऱ्या कुणाच्या हातानं कापू नका, रेघ सोडून जाईल. गाडी आत गेली. नातेवाइकांना तिथं थांबता येत नव्हतं, नंबर देऊन जा, फोन करतो, म्हणाले. तो मला आत जाताना दिसला तेव्हा त्याला ऑक्सिजन लावला होता, आणि मला वाटलं, आता झालं, आता तो बरा होणार. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं. परतीच्या वाटेवर कागलपर्यंत पारूआक्का पुढं आमच्यात बसून बोलत होती. म्हैस गाभण आहे, लेकीला कळवायला हवं, तिला येता येणार नाही, पण कळवायला हवं.

कोगनोळीच्या नाक्यावर आता आम्ही उलट बाजूनं आलो होतो.

"रिपोर्ट तोरसरी," पोलीस म्हणाला.

रिपोर्ट नव्हता. महाराष्ट्रातून येणाऱ्याला तपासणीचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय आत घेत नव्हते. मी कन्नडमध्ये सांगितलं, आम्ही इथलेच आहोत, सकाळीच इकडून गेलो, तुमच्याच माणसानं सोडलं. "नावू इल्लीवरे री." तो माझा थोरला भाऊ शोभेल एवढ्याच वयाचा दिसत होता, घामानं डबडबलेला. "इल्लीवरे इद्रू," इथले असलात तरी, तो म्हणाला, "रिपोर्ट इल्लंद्र बिडंगिल्ल." रिपोर्टशिवाय सोडणार नाही, हे तो चिडून बोलला नाही. त्यानं आम्हाला टेंपो बाजूला लावायला सांगितला.

रस्त्याच्या कडेला आमच्यासारखी बरीच माणसं होती. कुणी झाडाखाली, कुणी मोटारीच्या सावलीत. ऊन रस्त्यावरून वर उसळत होतं. आणि आमच्यासमोरून ट्रक जात होते. भाजीचे ट्रक, दुधाचे टँकर, पेंडीची पोती, लोखंडाच्या सळया. मालाला अडवायचं नव्हतं. ड्रायव्हर हात बाहेर काढून कागद दाखवायचा, दांडा वर व्हायचा, ट्रक आत जायचा. पारूआक्का ते बघत बसली होती. मधेच म्हणाली, "अण्णा, एखाद्या गाडीत पोत्यांवर बसून जाता येत न्हाय व्हय? म्हस वरडत असंल." अण्णांनी आईची भाकरी सोडली आणि तिच्या हातात दिली. "खा आक्का, सकाळपास्नं काय न्हाय पोटात." ती खायला लागली. एकेक घास चावून, नीट.

अण्णांचा फोन वाजला. ते उठून टेंपोच्या पलीकडं गेले. मला त्यांची पाठ दिसत होती. ते "व्हय", "व्हय", "कधी" म्हणाले, आणि मग फोन कानाला तसाच धरून उभे राहिले, पलीकडून आवाज बंद झाल्यावरही. परत आले तेव्हा पारूआक्काच्या हातात भाकरीचा शेवटचा तुकडा होता. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आक्का," ते म्हणाले, "गाडी माघारी फिरवूया."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. तुकडा तिनं तोंडात घातला नाही, टाकलाही नाही, पदराच्या टोकात बांधला. मग उठली आणि टेंपोकडं चालायला लागली, पुढं नाही, मागं जाऊन गादीवर बसली, जिथं तो सकाळी होता. आम्ही वळलो. नाक्यावरच्या त्या पोलिसानं आम्हाला वळताना बघितलं आणि त्याला वाटलं असेल, कंटाळून चालले.

तिला तो लांबूनच दिसला, गुंडाळलेला. अग्नी पालिकेच्या माणसांनी दिला. आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो. तिथं आमचे नाकातले नमुने घेतले. रिपोर्ट येईपर्यंत टेंपोतच राहिलो. अण्णांचा आणि माझा रोग नसल्याचा आला, पारूआक्काचा असल्याचा. तिला तिकडंच, रोग्यांसाठी घेतलेल्या एका वसतिगृहात ठेवून घेतलं. परक्या गावात, नवरा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. अण्णा तिला सोडून यायला तयार नव्हते, तर तीच म्हणाली, "पोरगीला घरला पोचवा. आणि म्हस आटू देऊ नका." आईनं त्या म्हशीची धार काढली, रोज, दोन वेळ. दूध कुणी घेईना. आई ते झाडांच्या मुळांशी ओतायची आणि ओतताना तोंडानं काहीतरी पुटपुटायची.

पुढं सगळं उघडलं. गॅस मिळायला लागला. अण्णांनी नवा माणूस ठेवला, चांगला आहे तो. पारूआक्का परत आली ती अंगानं अर्धी होऊन. थोड्या दिवसांनी ती आमच्या शेडीत ट्रॉल्यांना रंग द्यायला येऊ लागली. अण्णांनी बोलावलं नव्हतं, तीच आली, म्हणाली, "काम सांगा." अण्णांनी लगेच ब्रश दिला. आजही ती येते. लाल रंगाचं काम तिचं.

अण्णांना मी एकदाच विचारलं, तुम्ही दुसरा सिलिंडर ठेवून घेतला असता तर? ते म्हणाले, "मग छाया गेली असती." थोड्या वेळानं तेच म्हणाले, "मारुतीनंच दिला तो. मी नुसता उभा होतो." पुन्हा तो विषय आम्ही काढला नाही.

छायाक्का बरी होऊन आली, पण चालताना दम लागायचा. गावात फिरायला लागली तरी पारूआक्काच्या दारात जायची नाही, त्या गल्लीत दुसऱ्या कुणाला तरी पाठवायची. एक दिवस ती आमच्या शेडीत आली. पारूआक्का चाकाशी बसून रंग देत होती. मी सुट्टीला घरी आले होते, आई चहा गाळत होती. छायाक्का पारूआक्कापासून थोडी लांब उभी राहिली आणि म्हणाली, "पारू, माझ्यामुळं..." आणि थांबली, श्वास घ्यायला की रडू आवरायला, कुणास ठाऊक.

पारूआक्कानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"तुझ्यामुळं न्हाय गं. तू जगलीस म्हणून त्यो मेला न्हाय, येवढं मला कळतंय." ती हात पदराला पुसायला लागली, रंग लागेल हे लक्षात येऊन थांबली. "पण तुला चालताना बघितलं की वाटतंय, त्यो बी असा चालत असता. ते बी खरं हाय. त्याला मी काय करू, तूच सांग."

आईनं दोन कप बाहेर आणले आणि ती मधेच थबकली, कुणाला आधी द्यावा हे तिला कळेना. पारूआक्कानं रंगलेल्या हातानं एक कप उचलला आणि छायाक्काच्या पुढं धरला.

"घे," ती म्हणाली. "बस खाली. उभं ऱ्हाऊन दम लागंल तुला."